पहिल्या घोटाचा निकाल

मलेशियातल्या पेनांग बेटावर केक लोक सी हे विशाल बौद्ध मंदिर ज्या टेकडीवर उभे आहे, तिच्या पायथ्याशी आयर इताम नावाची वस्ती आहे. तिथल्या बाजाराजवळ १९५५ पासून आसाम लाक्सा विकणारे एक दुकान आहे. तांदळाच्या जाड, पांढऱ्या, निसरड्या शेवया, त्यांवर माशाचे आंबट-तिखट दाट कालवण, वर कच्च्या भाज्यांचे बारीक काप आणि पुदिना, शिवाय चमच्यात घालून दिलेला कोळंबीचा काळा, चिकट, गोडसर पाक, असा हा वाडगा असतो. मलय भाषेत आसाम म्हणजे आंबट. आपल्या ईशान्येकडच्या राज्याशी त्याचा संबंध नाही. पेनांगकरांसाठी हा रस्त्याकडेचा, रोजच्या भुकेचा पदार्थ आहे. बाहेरून येणाऱ्यांसाठी तो ‘चाखून पाहायचा’ पदार्थ झाला आहे. चौघांत एक वाडगा मागवायचा, प्रत्येकाने दोन घोट घ्यायचे, चेहऱ्यावर उमटलेला भाव फोनमध्ये टिपायचा, आवडले की नाही ते तिथल्या तिथे जाहीर करायचे आणि पुढच्या गाडीकडे वळायचे, ही रीत आता जगभर रूढ झाली आहे. या रीतीने आसाम लाक्सासारख्या पदार्थावर अन्याय होतो, असे माझे म्हणणे आहे. अशा पदार्थाचा पहिला घोट त्याच्याविषयी सर्वांत कमी सांगतो. त्यावरून दिलेला निकाल, मग तो स्तुतीचा असो वा नाराजीचा, त्या वाडग्याविषयी फारसा नसतोच. तो खाणाऱ्याच्या आजवरच्या सवयींविषयी असतो.

हे पटवून द्यायचे तर आधी पातेल्यात डोकवावे लागेल. या कालवणाचा पाया म्हणजे मलेशियात ज्याला इकान केम्बुंग म्हणतात तो मासा, म्हणजे आपला बांगडा आणि त्याची सख्खी भावंडे. मासे उकडायचे, काटे काढून मांस कुस्करायचे आणि ते पुन्हा त्याच पाण्यात सोडायचे. त्यामुळे या कालवणात माशाचा तुकडा असा सापडत नाही. सारे कालवणच माशाचे असते, दाट आणि रवाळ. त्यात सुक्या लाल मिरच्या, छोटे कांदे, गवती चहा, कुलंजन आणि हळद यांचे वाटण जाते. बेलाचान जाते, म्हणजे मीठ लावून आंबवलेल्या, सुकवलेल्या बारीक जवळ्याची घट्ट वडी. दाऊन केसुम नावाचा पाला जातो; त्याचा वास कोथिंबिरीच्या जवळचा, पण तिच्यापेक्षा उग्र. आल्याच्या कुळातल्या एका उंच झाडाची गुलाबी कळी, बुंगा कांतान, जाते, आणि खरे तर पेनांगच्या लाक्साची ओळख तिच्याच वासाने पटते. आंबटपणा दोन ठिकाणांहून येतो. एक चिंच, जी रंग आणि थोडा गोडवाही देते. दुसरे गेलुगोर या फळाचे उन्हात वाळवलेले काप. गेलुगोरचे झाड आणि आपल्या कोकमाचे झाड एकाच वनस्पतिकुळातले, एकाच प्रजातिसमूहातले. पेनांगमध्ये या झाडाच्या नावाचे एक उपनगरही आहे. कापांचा आंबटपणा चिंचेपेक्षा स्वच्छ आणि धारदार असतो. वाढताना वर काकडी, कांदा, अननस, पुदिना, कोशिंबिरीचा पाला आणि कांतानच्या पाकळ्यांचे बारीक काप येतात. मिरची आणि अननस ही दोन्ही अमेरिका खंडातली पिके. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा आणि १५११ मध्ये मलाक्का जिंकले, आणि त्यानंतर पोर्तुगीज व स्पॅनिश जहाजांनी ही पिके पूर्वेकडच्या बंदरांत पोचवली. म्हणजे आज ज्याला आपण पेनांगची अस्सल चव म्हणतो, तिच्यातले दोन प्रमुख घटक त्या भूमीला एके काळी पूर्ण अनोळखी होते. तेही तिथे हळूहळू, पिढ्यांच्या खाण्यातूनच रुळले असणार.

आता वाडगा समोर आला आहे असे समजू. विक्रेता गार शेवया वाडग्यात घेतो, त्यांवर उकळते कालवण ओततो, निथळून परत पातेल्यात घेतो, पुन्हा ओततो. शेवया आतपर्यंत गरम झाल्या की मग शेवटचे कालवण आणि वरची कच्ची भाजी. काळा पाक, ज्याला तिथे हे को म्हणतात, तो चमच्यात तसाच असतो. तो कोळंबीचा रस साखर-मिठासह आटवून आटवून केलेला असतो आणि तो कधी, किती मिसळायचा हे खाणाऱ्याने ठरवायचे असते. या मांडणीतच माझ्या म्हणण्याचा पहिला पुरावा आहे. पहिला घोट घेतला जातो तेव्हा हे को मिसळलेला नसतो, म्हणून आंबटपणाला तोलणारा गोडवा आणि खारटपणा कालवणात अजून आलेलाच नसतो. वाफेबरोबर माशाचा आणि केसुमचा वास सरळ नाकात जातो. काकडी नि अननस अजून कोरडे, आपापल्या जागी असतात. वाडगा अर्धा झाला की चित्र पालटते. पाक विरघळून कालवण गडद झालेले असते, अननसाचा रस उतरलेला असतो, शेवयांवरचा स्टार्च त्यात मिसळून आंबटपणाची धार बोथट करतो. शिवाय आपल्या नाकाचा स्वभाव असा, की जो वास सतत येत राहतो त्याची जाणीव ते काही मिनिटांत कमी करते. सुरुवातीला सगळी जागा व्यापून बसलेला माशाचा वास मागे सरतो आणि त्याच्याआड दडलेले पुदिना व कांतान पुढे येतात. तळाशी कुस्करलेला मासा साठलेला असतो, म्हणून शेवटचे घोट सर्वांत दाट आणि भरीव लागतात. ज्याने दोन घोटांनंतर चमचा खाली ठेवला त्याने आसाम लाक्सा खाल्लाच नाही. त्याने त्याचा कच्चा आराखडा पाहिला.

यावर पहिला आक्षेप जुना आणि जोरदार आहे. रस्त्यावरच्या खाण्यात इतका आंबट-तिखट मारा करतात तो शिळा मासा लपवण्यासाठीच, असे पुष्कळ लोक मानतात. मग नाकाला आलेली पहिली शंका खरी मानायला काय हरकत? या आक्षेपात अर्धे सत्य आहे आणि ते नाकारून चालणार नाही. समुद्री मासा मेल्यावर त्याच्या शरीरातल्या एका निर्गंध पदार्थापासून जिवाणू ट्रायमिथाइलअमाइन तयार करतात. माशाला येणारा तो परिचित वास मुख्यतः त्याचाच. हा पदार्थ अल्कधर्मी असल्याने आंबट रसात त्याचे क्षार बनतात आणि क्षार हवेत उडत नाहीत, म्हणून वास मंदावतो. माशाला लिंबू, कोकम, चिंच लावण्यामागे किनाऱ्यावरच्या सगळ्या समाजांचा हाच अनुभव आहे. पण इथेच आक्षेप थांबतो. बांगड्याच्या जातीच्या माशांत हिस्टिडीन भरपूर असते आणि मासा उन्हात पडून राहिला की त्याचे हिस्टामीन होते. ते उकळून जात नाही, चिंचेने जात नाही, मिरचीने तर नाहीच. असा मासा वापरणाऱ्याच्या गिऱ्हाइकांचे चेहरे तासाभरात लाल होतील, डोकी दुखतील, अंगावर पित्त उठेल. आंबटपणा वास झाकू शकतो, शिळेपणाचा परिणाम झाकू शकत नाही. म्हणून जो विक्रेता दशकानुदशके त्याच वस्तीला, त्याच कुटुंबांना बांगड्याचा लाक्सा खाऊ घालतो, त्याला ताज्या माशावाचून गत्यंतर नाही. आणि आंबटपणाचे काम लपवण्यापुरते असते तर एक चिंच पुरली असती. दोन वेगवेगळे आंबट, त्यांतला एक आधी शिजवायचा आणि दुसरा चव पाहून घालायचा, एवढा खटाटोप कोणी केला नसता.

आंबटपणा इथे काय करतो हे चवीच्या शास्त्राकडून समजून घेण्यासारखे आहे. १९०८ मध्ये किकुने इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्रशैवालाच्या काढ्यातून ग्लुटामेट वेगळे केले आणि त्या भरीव, तोंडात रेंगाळणाऱ्या चवीला उमामी म्हटले. पुढे अर्धशतकाने अकिरा कुनिनाका यांनी दाखवले की ग्लुटामेटबरोबर माशातले इनोसिनेट आले की ही चव दोहोंच्या बेरजेहून कितीतरी जास्त वाढते. बेलाचानमध्ये आंबवण्यामुळे मोकळे झालेले ग्लुटामेट असते आणि बांगड्यात इनोसिनेट असते. म्हणजे आसाम लाक्साच्या तळाशी अतिशय जड, मांसल अशी चव साठलेली आहे, इतकी की आंबटपणाविना चार घोटांत जीभ थकावी. आंबट रसाने तोंडाला पाणी सुटते, जीभ धुतली जाते आणि पुढच्या घोटाला पुन्हा जागा होते. हा परिणाम एका घोटात कळूच शकत नाही, कारण तो एका घोटाकडून दुसऱ्याकडे जाताना घडतो. पहिल्या घोटाला आंबटपणा नुसता आंबट लागतो. तो कशाला तोलून धरतो आहे ते दहाव्या घोटाला उमगते.

तिखटाचे तर सरळच आहे. मिरचीतले कॅप्सेसिन शरीरातल्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटते तो डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधला, आणि त्या कामासाठी ज्युलियस २०२१ च्या नोबेलचे मानकरी झाले. तो ग्राहक मुळात भाजण्याची सूचना देणारा आहे. मिरची ही चव नाही, ती वेदना आहे, आणि जिभेच्या चवकळ्यांशी तिचा थेट संबंध नाही. तिखटाने जीभ बधिर होते आणि मग काही कळत नाही, असा एक आक्षेप घेतला जातो. नवख्याच्या बाबतीत तो पुष्कळसा खरा आहे, कारण त्याचे सगळे लक्ष त्या आगीकडे लागलेले असते. सरावलेल्याच्या बाबतीत उलट घडते. वारंवारच्या संपर्काने ती सूचना सौम्य होत जाते आणि लक्ष मोकळे होते. पॉल रोझिन आणि डेबोरा शिलर यांनी १९८० मध्ये मेक्सिकोतल्या ओआहाकामधल्या एका गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथली मुले मिरची आवडतच जन्माला येत नव्हती; मोठ्यांच्या पंगतीत थोडी थोडी खात काही वर्षांत ती आवडू लागत होती. त्याच गावातली कुत्री आणि डुकरे रोज मिरचीचे खरकटे खात, तरी निवड करू दिल्यावर ती बिनमिरचीचेच उचलत. नुसता संपर्क पुरेसा नाही, संगत लागते, असा त्याचा अर्थ मी घेतो. जाता जाता एक गोष्ट. तिखट खाल्ल्याने घाम येतो आणि अंग थंड होते, म्हणून उष्ण देशांत तिखट खातात, हे स्पष्टीकरण पेनांगला नीटसे लागू पडत नाही. तिथली हवा बारमाही इतकी दमट, की घाम वाळण्याची पंचाईत. लोक तिथे उकळता लाक्सा खातात तो त्यांना तो आवडतो म्हणून. आवड हे कारण आपण पुरेसे मानायला शिकले पाहिजे.

आवड घडते कशी, हा मग मुख्य प्रश्न उरतो. नवजात अर्भकाच्या जिभेवर गोड थेंब ठेवला तर त्याचा चेहरा शांत होतो, आंबट ठेवला तर ओठ आवळले जातात. अशा मोजक्याच आवडीनिवडी आपण सोबत घेऊन येतो, बाकीच्या शिकतो. लीन बर्च यांनी १९८२ मध्ये दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी पदार्थ पुन्हा पुन्हा चाखायला दिले, तेव्हा जितक्या जास्त वेळा चव घेतली तितकी पसंती वाढत गेली. ज्युली मेनेला यांच्या २००१ च्या प्रयोगात ज्या आयांनी गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांनी गाजराची पेज अधिक सहजपणे स्वीकारली. पेनांगमधल्या मुलाच्या वाट्याला लाक्साचा ‘पहिला घोट’ असा येतच नाही. त्या वासाशी त्याची ओळख तो शेवया चावू लागण्याआधीची असते. याउलट, विमानातून उतरून थेट त्या बाकावर बसलेला माणूस स्वतःच्या संपूर्ण बालपणासह तिथे बसलेला असतो, आणि त्याचा पहिला घोट त्या बालपणाचे मत सांगतो.

मराठी वाचकाला हे आपल्या जवळूनही पडताळता येईल. रत्नागिरी, मालवण, कारवार किंवा गोव्याच्या माणसाला बांगडा आणि कोकमवर्गातला आंबटपणा ही जोडी सांगावी लागत नाही. तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले ज्याने खाल्ले आहे, त्याला आसाम लाक्साचा वास घाबरवणार नाही. पण तोही एका जागी अडखळेल. कोकणात तांदळाच्या शेवया आहेत, शिरवाळे आहेत, आणि ते खायचे असतात नारळाच्या गोड, गुळाच्या रसाबरोबर. माशाचे कालवण असते ते भाताबरोबर, फार तर भाकरीबरोबर. तांदळाच्या शेवया आणि बांगड्याचे कालवण एकाच वाडग्यात, वर कच्चा अननस आणि पुदिना, हे त्याच्या जिभेच्या व्याकरणात बसत नाही. सगळे शब्द ओळखीचे आणि वाक्य मात्र परके, अशी त्याची अवस्था होईल. महाराष्ट्रातल्याच देशावरच्या किंवा विदर्भातल्या पुष्कळांना सुक्या माशाच्या वासाने उठून जावेसे वाटते, आणि तितक्याच पुष्कळ कोकणी माणसांना सावजीच्या रश्श्याची पहिली ओळख झेपत नाही. इतक्या जवळच्यांना एकमेकांची चव पहिल्या घासात कळत नसेल, तर समुद्रापलीकडची कळावी हा आग्रह कशासाठी?

यावरचा सर्वांत बळकट आक्षेप आता घेतो. सवयीने काहीही आवडू लागत असेल, तर आवडण्याला अर्थच काय उरला? खरोखर उत्तम पदार्थ पहिल्याच घासात जिंकतो, हापूसला कोणी शिकवणी लावत नाही. आणि जे पुन्हा पुन्हा खाऊन आवडवून घ्यावे लागते, त्यात गुण पदार्थाचा नाही, चिकाटीचा आहे. हापूसचे उदाहरण आधी बाजूला करू. पिकलेले गोड फळ ही जन्मजात आवडीची गोष्ट आहे, म्हणून तिथे शिकणे लागत नाही. गोडाच्या कसोटीने आंबट, कडू, तिखट, आंबवलेले असे सारेच नापास होईल. कारले, कॉफी, कोकम, लोणचे, सगळे. उरला मूळ मुद्दा. सवयीने भीती जाते हे खरे, पण भीती गेल्यावर जे उरते ते आंधळे नसते. पेनांगमध्ये आयर इतामचा लाक्सा चांगला की बेटाच्या मागच्या अंगाला असलेल्या बालिक पुलाऊचा, यावर लोक मनापासून वाद घालतात. कालवण किती दाट असावे, हे को किती, कांतान कमी पडला का, चिंच पुढे आली की काप, यावर त्यांची मते असतात. सवय सगळ्यालाच चांगले ठरवत असती तर सर्वांत सरावलेली माणसे सर्वांत उदार झाली असती. प्रत्यक्षात तीच सर्वांत कठोर असतात. वाईट केलेला पदार्थ जितका अधिक खावा तितके त्याचे दोष स्पष्ट होत जातात. चांगल्या केलेल्याचे गुण. पहिल्या घोटाला चांगला लाक्सा आणि वाईट लाक्सा जवळपास सारखेच धक्कादायक लागतात. त्यांतला फरक सांगता येणे, हीच खरी परीक्षा, आणि ती सवयीवाचून कोणालाच देता येत नाही.

चाखण्याच्या रीतीचा दुष्परिणाम मला खरोखर चिंतेचा वाटतो. सीएनएनच्या प्रवासविभागाने २०११ मध्ये जगातल्या ५० स्वादिष्ट पदार्थांची यादी दिली, त्यात पेनांगचा आसाम लाक्सा सातवा होता. त्या सन्मानाचा पेनांगला आनंद झाला आणि व्हायलाच हवा होता. पण अशा याद्या पदार्थाला टप्पा बनवतात. पोचायचे, खूण करायची, निघायचे. मलेशिया-सिंगापुरात लाक्साचे दुसरे मोठे घराणे आहे ते नारळाच्या दुधातले, मलाक्क्याच्या न्योन्या (चिनी-मलय) स्वयंपाकात आणि सिंगापूरच्या कातोंगमध्ये नावाजलेले. तो लाक्साही उत्तम असतो, त्याच्याशी माझे भांडण नाही. मात्र नारळाच्या दुधातली चरबी मिरचीची आग शोषून घेते, वास गुंडाळते आणि नवख्याला लगेच आपलेसे करते. पहिल्या घोटावर स्पर्धा लावली तर तो दर वेळी जिंकेल. आणि ज्या विक्रेत्याचे निम्मे गिऱ्हाईक एकदाच येऊन जाणारे असेल, त्याला आपला आंबट लाक्सा थोडा गोड, थोडा सौम्य, थोडा बिनवासाचा करण्याचा मोह पडला, तर दोष त्याला कसा द्यावा? पदार्थ बिघडतो तो वाईट स्वयंपाक्यांमुळे, तसाच घाईच्या खाणाऱ्यांमुळेही.

याच युक्तिवादाची दुसरी बाजू मान्य करायला हवी, कारण ती काही पेनांगकरांना आवडणारी नाही. चव शिकण्याने येत असेल, तर ती कोणाही शिकणाऱ्याला येईल. २००९ मध्ये मलेशियाच्या पर्यटनमंत्र्यांनी लाक्सासकट काही पदार्थ इतर देशांनी पळवल्याची तक्रार केली होती. पेनांग सरकारने २०१४ मध्ये खाद्यगाड्यांवर परदेशी स्वयंपाक्यांना मनाई जाहीर केली आणि २०१६ पासून ती लागू झाली. हेतू स्थानिक चव जपण्याचा. त्यामागची धास्ती समजते. उकळत्या पातेल्याजवळ दिवसभर उभे राहण्याचे काम नव्या पिढीला नको आहे, मग पगारी माणसाच्या हाती पळी जाते आणि त्याला कधीच न खाल्लेला पदार्थ करावा लागतो. पण दोष त्याच्या पासपोर्टात नाही, त्याच्या न खाण्यात आहे. जो माणूस दहा वर्षे पेनांगमध्ये राहून रोज लाक्सा खातो आणि मालकिणीच्या देखरेखीखाली करतो, त्याचा हात लागल्याने चव बुडेल याला पुरावा नाही. ज्या वाडग्यात मलय बेलाचान, चिन्यांचा हे को आणि अमेरिकेतली मिरची एकत्र नांदतात, जो मलय आणि चिनी दोघांच्याही गाड्यांवर मिळतो, त्याची राखण नागरिकत्वाच्या कागदाने होणार नाही. ती रोज येणाऱ्या खडूस गिऱ्हाइकाने होते. तो नियम मला चुकीचा वाटतो.

शेवटी एक व्यावहारिक हरकत राहते. प्रवाशाजवळ दोन दिवस असतात. त्याने काय पेनांगला घर करावे? नाही. त्याला चाखण्याचा हक्क आहे आणि न आवडण्याचाही. त्याच्याकडून मागणे एवढेच, की न आवडल्यास ‘मला अजून कळला नाही’ आणि ‘हा वाईट आहे’ ही दोन वाक्ये त्याने वेगळी ठेवावीत. आणि आवडल्यासही लगेच जगातला सर्वोत्तम वगैरे म्हणू नये, कारण तुलनेला त्याच्याजवळ दुसरा वाडगा नाही. दोन दिवसांतही बरेच करता येते. पेनांगच्या जॉर्ज टाउन शहरात उतरलात तर चौघांत एक न घेता माणशी एक वाडगा घ्या. पहिले चार घोट हे कोशिवाय घ्या, मग पाक थोडा थोडा मिसळत चला आणि कालवण तळापर्यंत संपवा. पाककृती विचारू नका. शेजारच्या टेबलावरचा म्हातारा पाक केव्हा मिसळतो ते पाहा. दुसऱ्या दिवशी दहा नव्या पदार्थांच्या मागे न धावता त्याच गाडीवर परत जा, आणि मत त्यानंतर द्या.